मधलं चाक

गाडीला रिव्हर्स नव्हता, कारण
मोटारसायकलला कशाला लागतोय रिव्हर्स?
माणूस पाय टेकतो आणि मागं घेतो.
आमचे पाय मात्र पत्र्याच्या आत
आणि इंजिन मोटारसायकलचं,
विट्याजवळ ऊसाच्या ट्रॉलीखाली गेलेल्या एकीचं.
मालक वाचला, इंजिन वाचलं, बाकीचं भंगारात.

तीन वर्षं सुकुमार पाईप कापत होता, जोडत होता, पुन्हा कापत होता.
गाडी बाहेर काढली त्याच दिवशी
कुपवाडच्या बोळात समोरून द्राक्षांचा टेम्पो.
त्यानं माझ्याकडं बघितलं.
मी उतरले. पदर खोचला.
दोन्ही पंजे गाडीच्या नाकावर
आणि ढकललं, नवऱ्यासकट, पाचशे वीस किलो.
टेम्पो पुढं गेला तेव्हा त्याच्या पाठीवर वाचलं:
आयुष्याला रिव्हर्स नसतो.
तुझ्या टेम्पोला आहे ना, म्हटलं, मग जा की गप.

असं सात महिने.
पेट्रोल पंपावर. मंगल कार्यालयाच्या दारात, पैठणीत.
बोळातली पोरं हॉर्न ऐकून धावायची,
प्रत्येकी एक लिमलेटची गोळी.
सुकुमार आत बसून सांगायचा,
जरा डावीकडं, त्रिशला.

मग बाबालाल शिकलगारच्या शेडमध्ये
मालवाहू तीनचाकीची मोडकी पेटी आली.
शाफ्ट मधोमध कापायचा होता.
कापताना सुकुमार बाहेर जाऊन उभा राहिला,
म्हणाला, फोन आलाय. फोन टेबलावर होता.

दात्यात दाते घालून दोन चाकं बसली
की एक इकडं फिरतं, एक तिकडं,
एवढं मला शाळेपासून माहीत.
पण ह्या पेटीत उलटं जायला एक मधलं लागतं.
लहान, अठरा दात्यांचं.
जोर वाढवत नाही, कमी करत नाही,
नुसतं मधे उभं राहतं
आणि गाडी मागं जाते.
बाबालालनं ते ईएन चोवीसमधून काढलं.
मिरजेला हार्डनिंगला गेलं आणि आलं
तर चार शतांश जास्त.
पंपाच्या कारखान्यात अकरा वर्षं मी मापंच घेते.
चहा बाजूला ठेवला, म्हटलं, परत घास.
चार शतांशानं काय होतंय, वहिनी?
रडंल ते. रोज रडंल.
घासलं.
तरी रडतंच थोडं,
ओल्या पाटीवर पेन्सिल ओढावी तसं.

पहिल्यांदा दांडी ओढली, लागेना.
दात्यावर दाता.
गाडी वीतभर हलायला पाहिजे, बाबालाल म्हणाला,
मग बसंल.
तेव्हा रिव्हर्स लागावा म्हणून
मी उतरले आणि ढकललं.
खट्ट.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं,
इंजिनाचे सहा गिअर जागच्या जागी आहेत.
म्हणजे मागं सुद्धा सहा.
सुकुमारचा चेहरा बघण्यासारखा झाला.

एमआयडीसीची सुट्टी. रस्ता मोकळा.
तो मान मागं वळवून, मी समोर बघत,
पहिला, दुसरा, तिसरा.
माझ्या कारखान्याचं गेट लहान झालं,
वॉचमन लहान झाला,
त्यानं हात वर केला तो सलाम होता की शिवी, कळलं नाही.
स्टिअरिंग हातात राहीना.
पुढची चाकं आता मागून येत होती
आणि त्यांना कुठंतरी वळायचंच होतं.
मी म्हटलं, बास.
तो म्हणाला, चौथा?
मी म्हटलं, बास.

काल पुन्हा तोच बोळ, समोर विटांचा ट्रॅक्टर.
पोरं कोपऱ्यावर उभी, आता येत नाहीत, नुसती बघतात.
डब्यात अर्ध्या गोळ्या तशाच.
सुकुमारनं दांडी ओढली,
खट्ट, आणि ते बारीक रडणं सुरू,
माझा एक पाय बाहेर.
कुठं निघालीस?
मी पाय आत घेतला.
चप्पल बाहेरच राहिली
आणि रस्त्याच्या मधोमध
लहान होत गेली.